फ्रान्सहून येताना 20 युरोपर्यंत चांगली बोर्दो वाइन कोणती आणावी?

बोर्दोच का? मी ल्योंला राहते. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. 20 युरोंत खरोखर उत्तम काही हवं असेल तर ल्योंच्या उत्तरेला बोजोले हा वाइनचा प्रदेश आहे, त्याच्या उत्तर भागातल्या दहा क्रूंपैकी (म्हणजे आपल्याच नावाने वाइन विकणाऱ्या नावाजलेल्या भागांपैकी) एकीची वाइन घ्या: मोर्गों, फ्लरी, मूलँ-आ-व्हाँ. साधारण 15 युरोंच्या आसपास मिळते. लेबलवर बऱ्याचदा 'बोजोले' मोठ्या अक्षरांत नसतंच, क्रूचं नाव असतं, म्हणून लोक बघून पुढे जातात.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून ताई आणि भावोजी आले होते. मी मटणाचा रस्सा केला आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली मोर्गों काढली. भावोजी म्हणाले, "बोजोले म्हणजे फळांचा रस. फ्रान्समध्ये राहून पाहुण्याला हे देतेस?" आणि त्यांनी स्वतः आणलेली बोर्दो उघडली. कोवळी, तुरट वाइन आणि त्यावर झणझणीत रस्सा! तोंड कोरडं पडलं, तिखट आणखी झोंबलं. ताईने ग्लास बाजूला सारला. मोर्गों मात्र तळापर्यंत संपली, भावोजींनीही दोनदा मागून घेतली. तरी निघताना म्हणालेच, "शेवटी बोर्दो ती बोर्दो."

भावोजी जिला नावं ठेवतात ती बोजोले नुव्हो, म्हणजे 'नवी' बोजोले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, त्याच वर्षीच्या द्राक्षांची, काही आठवड्यांत केलेली. बोजोलेचं तेच गामे जातीचं द्राक्ष मोर्गोंच्या कोत द्यू पी टेकडीवर पिकलं आणि बनवणारा चांगला असला, तर वाइन दहा वर्षं मुरते. गामेचा दुस्वास जुनाच आहे. बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने 1395 मध्ये त्याचे वेल उपटायचं फर्मान काढलं होतं. बोर्दोची 1855 ची ती प्रसिद्ध प्रतवारी तरी काय? पॅरिसच्या प्रदर्शनासाठी वाइनच्या दलालांनी तेव्हाचे भाव बघून लावलेली. त्या यादीतलं 20 युरोंत सहसा काही हाती लागत नाही. मग लेबलवर नुसतं 'शातो' (द्राक्षमळ्याची हवेली) लिहिलंय म्हणून पैसे का घालवायचे? भावोजींना मी हे सांगितलं होतं, त्यांनी विषय बदलला.

बोर्दो वाईट असते असं माझं म्हणणं नाही. आणायचीच असेल तर बोर्दोतल्याच फ्रोन्साक किंवा कास्तियों भागातली बघा आणि रश्श्याऐवजी साध्या भाजलेल्या मटणाबरोबर उघडा. खरेदी विमानतळावर न करता गावातल्या वाइनच्या दुकानात करा, तिथे जेवायला काय करणार तेही सांगा. भारतात माणशी दोन लिटरच बिनशुल्क आणता येते. नेहमीच्या तीन बाटल्या सव्वादोन लिटर भरतात, म्हणून एकट्याने दोनच घ्या. दोन्ही मोर्गों घेतल्यात तर फारच छान.