कोब्रा घरी जोडावी की तयार घ्यावी?

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, सांवेर रोडवर आमचा पॅकिंग मशीनचा छोटा कारखाना आहे. कॉलेजपासून मला १९६५ सालच्या कोब्रा या स्पोर्ट्स कारचं वेड आहे. खरी कोब्रा या जन्मी परवडणार नाही, म्हणून रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यायचं ठरवलंय. दोन पर्याय आहेत. एक, अमेरिकेतून सुट्या भागांचं किट मागवायचं आणि आमच्या शेडमध्ये ओळखीच्या मेकॅनिककडून जोडून घ्यायचं. इंजिन, गिअरबॉक्स आणि आरसी वडिलांच्या १९९४ च्या कॉन्टेसाची वापरायची. वडील गेल्या वर्षी वारले, गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. दुसरा, परराज्यातली एक कंपनी कारखान्यात तयार केलेली रेप्लिका २६ लाखांना देते. त्यांना सहा महिन्यांपूर्वी ३ लाख टोकन दिलं, फर्मच्या करंट खात्यातून आरटीजीएसने. गाडीवर घसारा दाखवायचा आमच्या सीएंचा बेत आहे. कोटेशनमध्ये बोनेटवरचा सापाचा बॅज 'फ्री' आहे आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय, 'पासिंगची जबाबदारी ग्राहकाची, टोकन परत मिळणार नाही.' त्यांचा माणूस म्हणतो, पिथमपूरचं नॅट्रॅक्स हे गाड्यांचं चाचणी केंद्र तुमच्या घराजवळच आहे, तिथून पास करून घ्या. मेहुणे म्हणतात किटच घ्या, त्यात भानगडी कमी. कायद्याने कुठलं बरं?

उत्तर : नमस्कार. मेहुण्यांना हा सल्ला बहुधा परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून सुचला असणार, आणि तिथल्यापुरता तो चूकही नाही. अमेरिकेत फॅक्टरी फाइव्हसारखी कंपनी किट विकते आणि हौशी माणसं ते घरच्या गॅरेजमध्ये जोडतात. सुपरफॉर्मन्स या कंपनीच्या कोब्रा रेप्लिका दक्षिण आफ्रिकेतल्या कारखान्यात बनतात. ब्रिटनमध्ये घरी जोडलेली एकुलती एक गाडी सरकारी तपासणीला नेऊन रस्त्यावर आणायची सोय आहे, तिला इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल म्हणतात. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने रेप्लिका बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना वर्षाला ३२५ गाड्यांपर्यंत सवलत दिली. तिकडे कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटी नंबर प्लेट मिळू शकते, म्हणून तिथले लोक पैसा, वेळ आणि हौस यांचा हिशोब करून निवड करतात.

तुम्ही लिहिलेल्या दोन्ही वाटा मात्र, आज आहेत तशा, नंबर प्लेटपर्यंत पोचत नाहीत. गाडी कुठे जोडली याच्याशी इंदूरच्या नायता मुंडल्याच्या आरटीओला देणंघेणं नाही. नवी गाडी नोंदवायची तर फॉर्म २० च्या अर्जासोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि निर्मात्याचा फॉर्म २२ लागतो. फॉर्म २२ मध्ये निर्माता सही करून सांगतो की ही गाडी केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसते. शेडमध्ये जोडलेल्या कोब्राच्या फॉर्म २२ वर सही कोण करणार? तुमचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी कायद्याच्या लेखी तो निर्माता होत नाही.

निर्माता व्हायचं तर १९८९ च्या त्या नियमांतला नियम १२६ आडवा येतो. मॉडेलचा नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही त्यातली सगळ्यांच्या ओळखीची. नॅट्रॅक्सबद्दल त्या माणसाने तुम्हाला जे सांगितलं त्यात फक्त अंतर खरं आहे. पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, आपल्या भागाला त्याचा अभिमानही आहे. पण तिथे जाऊन गाडी पास करून आणणं म्हणजे पंपावर पीयूसी काढणं नव्हे. ही मंजुरी, म्हणजे टाइप अप्रूव्हल, मॉडेलला मिळतं, अर्ज निर्माता किंवा आयातदार करतो, आणि ब्रेक, दिवे, धूर, सुरक्षा अशा चाचण्यांचा खर्च शेकडो गाड्या विकणाऱ्यालाच झेपतो. एका गाडीच्या ग्राहकाने हे करावं असं सुचवणाऱ्याला एकतर नियम माहीत नाही, नाहीतर तो तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-६ हे धुराचं मानक लागतं. जुनं इंजिन बसवलेली 'नवी' रेप्लिका इथेच गळते.

आता कॉन्टेसा. पत्रातला हा भाग वाचून मला जास्त काळजी वाटली. 'आरसी वापरायची' असं तुम्ही सहज लिहिलंत, आणि या धंद्यात तसंच बोललंही जातं : जुनी सेडान घ्या, वर फायबरची बॉडी चढवा, कागद जुन्याचे चालू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. हे कलम किती ताणता येईल यावर बरीच वर्षं वाद चालले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. रंग बदलणं, सीएनजी किट बसवणं, त्याच जातीचं इंजिन बदलणं हे रीतसर नोंदवून होतं. चार दारांच्या सेडानची दोन सीटची उघडी गाडी होत नाही. कलम १८२ए(४) प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नजरेतून सुटू देऊ नका.

तुमच्या बाबतीत गोष्ट बदलावरही थांबत नाही. कॉन्टेसाला सुटी चेसिस (सांगाडा) नसते, बॉडी आणि चेसिस एकच. किटला स्वतःची पाइपांची फ्रेम असते. मग कॉन्टेसाचा चेसिस नंबर त्या फ्रेमवर जाणार कसा? पत्र्याचा नंबर असलेला तुकडा कापून तिकडे वेल्ड करायचा, हाच त्यावरचा बाजारातला इलाज. त्या क्षणी बेकायदा मॉडिफिकेशन मागे पडतं आणि विषय बनावट ओळखीचा होतो. खोट्या माहितीवर मिळवलेली किंवा नंबर न जुळणारी नोंदणी कलम ५५(५) खाली रद्द होते, आणि पोलिसांना त्यात चोरीच्या गाडीचा वास आला तर तुमच्या हौसेची कहाणी ठाण्यात कोणी ऐकून घेणार नाही. ती आरसीसुद्धा आज तुमची नाही. वडील गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ भरायचा असतो. मुदत टळली असली तरी दंड भरून हे होतं. आईंचं आणि बहीण असेल तर तिचं संमतीपत्र जोडा आणि आधी हे काम उरकून घ्या.

कॉन्टेसाला मात्र कटर लावू नका, हे मी फीशिवाय सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. तुमची गाडी २०४४ मध्ये त्या पंक्तीला बसेल. कोब्राची रेप्लिका आज तिथे बसणार नाही, कारण तिचं वय तिच्या स्वतःच्या पहिल्या नोंदणीपासून मोजलं जाईल, आकार १९६५ चा असला तरी. (कोब्राच्या पोटात कॉन्टेसाचं इंजिन, यावर मी वकील म्हणून मत राखून ठेवतो.)

किट मागवणाऱ्यांचा आणखी एक समज असतो : सुटे भाग म्हणून आणलं की कस्टम्स ड्यूटी कमी. कस्टम्स टॅरिफच्या अर्थनियमांतला २(ए) असं सांगतो की अपुरी किंवा न जोडलेली वस्तू, तिच्यात पूर्ण वस्तूचं मुख्य स्वरूप असेल तर, पूर्ण वस्तू म्हणूनच धरली जाईल. फ्रेम, बॉडी, सस्पेन्शन सगळं एका ऑर्डरमध्ये न्हावा शेवाला उतरलं तर अधिकारी त्याला मोटारच म्हणू शकतो. आणि मोटार म्हटलं की आयात धोरणाच्या अटी आल्या : स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, टाइप अप्रूव्हल. अमेरिकन किटचं स्टिअरिंग सहसा डावीकडे असतं हे तुम्हाला ठाऊक असेलच.

विम्याचं थोडक्यात. नंबर नसलेली गाडी सुपर कॉरिडॉरवर एक फेरी मारायला काढली तरी कलम १९२ चा दंड आणि कलम २०७ खाली जप्ती, एवढ्यावर निभावलं तर नशीब. सर्वोच्च न्यायालयाने नरिंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितलंय की नोंदणीशिवाय गाडी वापरणं हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे. त्या दोन्ही प्रकरणांत मालकाचा दावा बुडाला. कॉन्टेसाच्या पॉलिसीवर कोब्रा चालवली आणि कोणी जखमी झालं, तर नुकसानभरपाई शेवटी तुमच्या खिशातून वसूल व्हायची पूर्ण शक्यता आहे. अशा दाव्यात कारखान्यातला तुमचा हिस्साही जप्तीला येऊ शकतो.

बोनेटवर सापाचा बॅज लावायचा की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कंपनीने तो कोटेशनमध्ये 'फ्री' लिहिलाय म्हणून सांगतो. ट्रेडमार्क कायद्याने दुसऱ्याचं चिन्ह लावून माल विकणं हा गुन्हा आहे आणि तो प्रामुख्याने विकणाऱ्याच्या गळ्यात येतो. 'घेणाऱ्याला माहीत असतं ना नकली आहे ते,' हा बचाव अमेरिकेत एका किटवाल्याने फेरारीविरुद्ध केला होता. १९९१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला : घेणाऱ्याला माहीत असेल, रस्त्यावर बघणाऱ्याला नसतं. आपल्याकडच्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही, पण असा बॅज फुकट वाटणारा विक्रेता कायद्याकडे किती लक्ष देतो याचा अंदाज येतो.

राहिले तुमचे ३ लाख. बारीक अक्षरांना घाबरू नका. जी वस्तू रस्त्यावर आणताच येत नाही ती 'गाडी' म्हणून विकायची आणि पासिंगची जबाबदारी ग्राहकावर टाकायची, ही अट टिकणं कठीण आहे. माल विक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ग्राहकाने हेतू सांगितला असेल आणि तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल तर माल त्या हेतूला लायक असावा लागतो. स्पोर्ट्स कार शोकेसमध्ये ठेवायला घेतो असं तुम्ही म्हणाला नसाल. टोकन जप्त करायचं तर त्यांचं नुकसान झालेलं दिसायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ प्रकरणात सांगितलंय. शिवाय टाइप अप्रूव्हल नसलेली गाडी विकायला काढणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए(१) मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख दंड आहे. नोटिशीत हे कलम दिसलं की पुष्कळांना तडजोड सुचते.

तरीही नाही ऐकलं तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, त्यांच्या राज्यात खेटे घालायची गरज नाही. ५ लाखांपर्यंत फी नाही. अडचण एकच, टोकन फर्मच्या खात्यातून गेलंय. 'व्यावसायिक हेतूने घेतलं, म्हणून ग्राहक नाही,' असा आक्षेप ते पहिल्याच तारखेला घेतील. कंपनीच्या पैशाने पण संचालकाच्या खाजगी वापरासाठी घेतलेली मोटार व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असा निकाल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीजच्या प्रकरणात दिलाय, तो आपल्या कामाचा. पण मग गाडीवर घसारा दाखवायचा तुमच्या सीएंचा बेत सोडावा लागेल. एका कागदावर धंदा आणि दुसऱ्यावर हौस, हे उलटतपासणीत उघडं पडतं. टोकनची रक्कम फर्मच्या वहीत तुमच्या भांडवली खात्यातून उचल म्हणून नोंदवली आहे का, ते आजच बघा.

उघड्या गाडीची हौस कायद्यात बसवायचीच असेल तर एक वाट आहे. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बनवली होती, तिच्यात कॉन्टेसाचंच इसुझूचं १.८ लिटर इंजिन होतं. अशी एखादी जुनी मिळाली तर आरसीवर निर्मात्याचं नाव, मॉडेल आणि दोन्ही नंबर गाडीसमोर उभं राहून ताडून बघा, मूळ आरटीओची एनओसी घ्या आणि मध्य प्रदेशात वर्षाच्या आत नोंदवा. आरसीवर भलत्याच कंपनीच्या सेडानचं नाव दिसलं तर चहा पिऊन परत या. किट फक्त शेडमध्ये जोडायची आणि प्रदर्शनाला किंवा रेस ट्रॅकवर ट्रेलरवरून न्यायची, हेही होऊ शकतं. पण नोंदणीशिवाय गाडी चालवायला मनाई करणाऱ्या कलम ३९ मध्ये 'सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कुठल्याही ठिकाणी' असे शब्द आहेत, म्हणून 'फार्महाउसवर तर चालवू' हे गृहीत धरू नका.

या आठवड्यात एवढं करा. कंपनीला ईमेलने दोनच कागद मागा : मॉडेलचं टाइप अप्रूव्हल प्रमाणपत्र आणि कोऱ्या फॉर्म २२ चा नमुना, निर्मात्याच्या नावासह. सात दिवसांची मुदत द्या. फोनवर बोलू नका, त्यांचा फोन आला तरी 'लेखी कळवा' म्हणा. त्यांच्या माणसाचं नॅट्रॅक्सबद्दलचं बोलणं व्हॉट्सॲपवर असेल तर चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन बदलू नका; भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र त्यावरूनच करावं लागेल. आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात, त्यातले सहा महिने तुमचे गेलेत असं धरूनच चाला. उत्तर आलं किंवा आठवा दिवस उजाडला की मूळ कोटेशन, आरटीजीएसची पावती आणि फर्मची वही घेऊन या, नोटीस त्याच दिवशी काढू.