पगार नंतर, आधी मुदत बघा

प्रश्न : मुलगा साडेसतरा वर्षांचा, कोल्हापुरात तालमीकडून फुटबॉल खेळतो. बाहेरच्या एका व्यावसायिक क्लबने तीन वर्षांचा करार पाठवलाय. पगार महिना 30 हजार. पुढे दोन वर्षं मुदत वाढवायचा हक्क फक्त क्लबला. मध्येच सोडायचं तर 1 कोटी भरायचे. आठ दिवसांत सही मागतात. करू का?

उत्तर : दादा, कागद दोनदा वाचला. पगाराचा आकडा पहिल्याच पानावर ठळक आहे आणि मुदतवाढीचं कलम सातव्या पानावर, ‘इतर अटीं’मध्ये. खरा प्रश्न त्या सातव्या पानावर आहे.

फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमावलीतल्या 18व्या कलमानुसार 18 वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त बांधता येत नाही, आणि हे कलम भारतीय फुटबॉल महासंघावरही बंधनकारक आहे. म्हणजे ती वरची दोन वर्षं आज टिकणार नाहीत. पण सहा महिन्यांत पोरगं सज्ञान होईल. मग क्लब ‘तोच कागद नव्याने करू’ म्हणेल, आणि सज्ञान खेळाडूशी पाच वर्षांचा करार चालतो. तो दुसरा कागद मला दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका.

मुदतीवर एवढा जोर देतोय, कारण ट्रान्सफरची, म्हणजे करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या क्लबला दिल्याची, रक्कम क्लबला मिळते आणि ती ठरते उरलेल्या मुदतीवर. चार वर्षं शिल्लक असली तर क्लब अडून बसतो. शेवटचं वर्ष लागलं की तोच क्लब बोलणी करायला तयार होतो. शेवटच्या सहा महिन्यांत तर खेळाडू पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या क्लबशी थेट करार करू शकतो. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या लेवांडोव्स्कीने जानेवारी 2014 मध्ये तिथल्याच बायर्न क्लबशी असाच करार केला, डॉर्टमुंडचा हंगाम पुरा खेळला आणि गेला. डॉर्टमुंडला एक छदामही मिळाला नाही. क्लबच्या मर्जीची मुदतवाढ तुमच्या मुलाचे नेमके हे सहा महिने काढून घेते. पगार पाच हजारांनी वाढवून मागण्यापेक्षा हे कलम खोडायला लावा.

आता तो 1 कोटी. तीन वर्षांचा सगळा पगार होतो 10 लाख 80 हजार, आणि सुटायची किंमत त्याच्या नऊपटीहून जास्त! हे मला अजिबात पटत नाही. ही रक्कम कमी करून घ्या, आणि दर हंगामाला ती आणखी उतरेल असं लिहून घ्या. दोन महिने पगार थकला तर 15 दिवसांची नोटीस देऊन मोकळं होता येईल, हेही लिहून घ्या.

‘अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलाचा करार कोर्टात टिकतच नाही, करा बिनधास्त सही,’ असं कुणीतरी सांगेलच. 1872च्या करार कायद्याने ते खरं आहे, पण त्याचा फटका मुलालाही बसतो. राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात वडिलांनी अज्ञान मुलीसाठी केलेला सिनेमाचा करार मुंबई उच्च न्यायालयाने निरर्थक ठरवला, आणि तिलाच त्या कराराखाली पैसे मागता आले नाहीत. शिवाय मैदानावर उतरायची नोंदणी महासंघाच्या हातात असते. योग्य कारणाशिवाय पहिल्या तीन वर्षांत करार मोडला तर भरपाईबरोबर चार महिन्यांची बंदी येऊ शकते. मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेलेल्या अन्वर अलीला 2024 मध्ये महासंघाच्या समितीने तेवढीच बंदी सुनावली; त्याच्यासह ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी या दोन क्लबांवर 12.90 कोटींची भरपाईही लादली. दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घेतला गेला, पण त्याच्यामागे मोठा क्लब होता. तुमच्यामागे कोण आहे?

नवव्या पानावरची, करार संपल्यावरही इतरांची ऑफर आधी यांना दाखवायची अट मात्र मनावर घेऊ नका. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तसली अट मोडीत काढली आहे.

क्लबला ई-मेलने एवढंच कळवा : तीन वर्षं मान्य, मुदतवाढ अमान्य, उत्तराला पंधरा दिवस हवेत. कोऱ्या जागा ठेवलेल्या पानावर सही करू नका, आणि सही केलेली प्रत त्याच दिवशी हातात घ्या.