निकालाच्या प्रकरणावर अडकलेली मुलगी

“पुस्तक काढून घेऊ का तिच्याकडून?” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या आईचा पहिला प्रश्न हाच होता. मुलगी आठवीत, १३ वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हार्पर ली यांची १९६० सालची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ वाचत होती. एकविसाव्या प्रकरणात टॉम रॉबिन्सनला दोषी ठरवतात, तिथे आल्यापासून तिची झोप उडाली होती. जेवताना मध्येच रडायची.

काढून घेऊ नका. तो प्रसंग रडू यावं असाच आहे. १९३० च्या दशकातलं अमेरिकेतलं अलाबामा राज्य. कृष्णवर्णीय टॉमवर एका गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आरोप आहे. मार तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. एवढं समोर असूनही गोरे ज्युरी त्याला दोषी ठरवतात. खरं सिद्ध झालं की न्याय मिळतो, हा मुलांचा भरवसा इथे पहिल्यांदा तुटतो. कादंबरीतला जेम साधारण याच वयाचा, तोही रडतो. पुढे धाकट्या बहिणीने, स्काउटने, कोर्टाचा विषय काढला की तिच्यावर खेकसतो. तेव्हा मूल गप्प झालं किंवा चिडलं, तर त्याला बोलतं करायची घाई नको.

या घरात गाडी अडली ती वेगळ्याच जागी. वडील समजुतीने म्हणाले होते, “अगं, ते अमेरिकेतलं, जुनं आहे.” त्यावर मुलीने विचारलं, “मग आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का?” उत्तर आलं नाही आणि तिने बोलणंच थांबवलं. आईला खरी धास्ती या प्रश्नाची होती, हे बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं. अशा वेळी “तुझं बरोबर आहे, हे चुकतंय” एवढं म्हणून कप त्याच दिवशी बदलावा. लांबलचक खुलासा मुलांना पळवाट वाटतो. “तिकडचं” म्हणण्यातही अर्थ नाही: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांनाच.

वाचनाचं म्हणाल, तर एकविसावं प्रकरण रात्री झोपताना वाचू नये. ते संध्याकाळी, पालकाने सोबत बसून, आणि लगेच पुढची दोन प्रकरणं. तिथे कळतं की न्यायाधीशाने जेम-स्काउटच्या वडिलांना, ॲटिकसला, मुद्दाम टॉमचा वकील नेमलं होतं आणि ज्युरींपैकी एकजण टॉमला सोडा म्हणून अडून बसला होता. निकाल बदलत नाही, पण कुणीच काही केलं नाही असं मुलीला वाटत राहत नाही. चोविसाव्यात टॉम मारला जातो. हे तिला आधी सांगून ठेवावं. कृष्णवर्णीयांसाठीची शिवी पुस्तकात वारंवार येते. ती माणसाला हीन ठरवणारी आहे हे सुरुवातीलाच सांगा, आणि मोठ्याने वाचताना गाळा.

सगळ्यात उपयोगी पडला तो मुलीने लिहिलेला एक पानाचा मजकूर: निकालाच्या रात्री टॉमच्या बायकोच्या, हेलनच्या घरात काय चाललं असेल? गोष्ट सांगते स्काउट, गोऱ्या वकिलाची मुलगी. हेलनचं मन आपल्याला जवळपास कळतच नाही, आणि बरीच मुलं ॲटिकसच्या कौतुकापाशी थांबतात. नुसत्या कौतुकात करुणा फार टिकत नाही. या मुलीने हेलनच्या तीन मुलांच्या जेवणापासून सुरुवात केली. रडू पुढेही आलं, पण ती लिहीत राहिली.

झोप किंवा भूक दोन आठवड्यांनंतरही बिघडलेली राहिली, शाळेत जायला मूल नको म्हणू लागलं, किंवा पुस्तकातल्या अपमानासारखं काही त्याच्यावरच घडल्याचं कळलं, तर मात्र पुस्तक बाजूला ठेवा आणि मुलाला घेऊन समुपदेशकाकडे या.