कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचे निवडून आलेले ट्रस्टी नेमकं काय ठरवतात?

तुमचे प्रश्न दोन: नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ज्यांची नावं येतात ते ट्रस्टी करतात काय, आणि विद्यार्थी कमी म्हणून रद्द झालेला मुलीचा वर्ग ते पुन्हा सुरू करून देतील का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही.

ट्रस्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संस्थाचालक येतात, ज्यांचा फोन गेला की प्राचार्य खुर्चीतून उठतात. इथे एकट्या ट्रस्टीला शिपायालाही हुकूम सोडता येत नाही. अधिकार बोर्डाला, तोही सभेत बसून मतदान केल्यावर. बोर्डाच्या थेट हाताखाली मुख्यतः एकच माणूस असतो, डिस्ट्रिक्टचा (बोर्डाच्या अखत्यारीतल्या कॉलेजांच्या विभागाचा) मुख्य अधिकारी, म्हणजे चॅन्सलर (डिस्ट्रिक्टमध्ये एकच कॉलेज असेल तर सुपरिंटेंडंट-प्रेसिडेंट). तो नीट निवडणं हेच माझ्या मते बोर्डाचं सर्वांत मोठं काम. वर्ग ठेवायचा की बंद करायचा हे डीन, म्हणजे विभागाचे प्रमुख, बघतात. अभ्यासक्रमात 1988 च्या एबी 1725 कायद्यामुळे सिनेटचं, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी मंडळाचं, वजन मोठं. आणि युनिटमागे (म्हणजे एका क्रेडिटमागे) 46 डॉलर ही फी राज्याने ठरवलेली, तिला बोर्ड हात लावू शकत नाही.

मतमोजणीत एक मेख आहे. ठरावाला हजर सदस्यांचं नव्हे, एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. सात जणांच्या बोर्डात पाचच आले आणि 3 विरुद्ध 2 झालं, तर ठराव पडला. चार मतं हवीत. म्हणजे तटस्थ राहणारा प्रत्यक्षात विरोधातच जातो. विद्यार्थी ट्रस्टीचं मत सल्ल्यापुरतं, मोजणीत नाही.

ब्राऊन अ‍ॅक्टप्रमाणे (स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवायला लावणारा राज्याचा कायदा) नियमित सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो. तो उघडलात तर आधी 'कन्सेन्ट' भाग वाचा. कंत्राटं, नेमणुका, बिलं असं बरंच काही तिथे एका मतात, चर्चेविना निघून जातं. एखादा विषय वेगळा काढून घ्या अशी मागणी ट्रस्टी करू शकतो, पण त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर तुम्ही बोललात आणि बोर्ड ढिम्म बसला तर चिडू नका; त्यावर चर्चा करून निर्णय घ्यायला कायद्याची मनाई आहे. सातांपैकी चार, म्हणजे बहुमताइतक्या, ट्रस्टींनी ईमेलवर परस्पर विषय चघळला तरी कायदा मोडतो. 'रिप्लाय ऑल'ने भलेभले अडकतात.

पैशाबाबत बोलायचं तर वसंतात बोला. तात्पुरतं अंदाजपत्रक 1 जुलैपर्यंत आणि अंतिम 15 सप्टेंबरपर्यंत मंजूर होतं. सप्टेंबरात फक्त आकडे घासूनपुसून घेतले जातात. शैक्षणिक खर्चातला निदान निम्मा वाटा वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगार-भत्त्यांवर जावा असाही कायदा आहे.

कारभार फारच बिघडला तर राज्य मध्ये पडतं. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची मान्यता धोक्यात आली तेव्हा, 2013 मध्ये, बोर्डाचे अधिकार काढून एका विशेष ट्रस्टीकडे दिले होते. निवडून आलेले सदस्य नावापुरते उरले.

मुलीच्या वर्गासाठी आज डीनला लिहा. मात्र वर्ग चालवायला किमान किती विद्यार्थी हवेत, हा आकडा बऱ्याचदा डिस्ट्रिक्टच्या नियमांत किंवा प्राध्यापक संघटनेच्या करारात असतो. तो करार बोर्डाच्या मंजुरीला येतो, तेव्हा ट्रस्टीला गाठा.