साबणाची अर्धी वडी

प्रश्न : माझा २३ वर्षांचा भाऊ चोरीच्या गुन्ह्यात सोळा महिने तुरुंगात आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. सुरुवातीला मुलाखतीत तो आईच्या गुडघ्यांचं विचारायचा. आता म्हणतो, ‘त्या लोकांना धडा शिकवायलाच हवा’, ‘खरे भाऊ मला इथे भेटले’. वडील म्हणतात, भेटायला जाणंच बंद करा. काय करावं?
— एक बहीण, जि. नाशिक

उत्तर : ताई, भेटणं अजिबात बंद करू नका. त्या ‘भावांना’ नेमकं तेच हवं असतं.

मी बावीस वर्षं कारागृहात शिक्षक होतो. एकदा एक पोरगा अंगावरच्या कपड्यांनिशी बराकीत आला. मनीऑर्डर नाही, वकील नाही. तिसऱ्या दिवशी एकाने आपली साबणाची वडी दोऱ्याने कापून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. मग बिस्किटं, मग अर्ज लिहून देणं. विखार महिनाभराने आला. तोवर त्या माणसाला ‘नाही’ म्हणणं पोराला जड झालं होतं. ती अर्धी वडी मी पाहिली होती. माणुसकी समजून पुढे गेलो. अजून टोचतं ते.

भाऊ देवाधर्माला लागला असेल, तर त्याने घाबरू नका. कितीतरी जणांना तेवढ्याच आधारावर झोप लागते. घरची चौकशी थांबली, ही खरी काळजीची खूण. मात्र कुणाला इजा करण्याचं ठोस काही बोलला, तर त्याच दिवशी अधीक्षकांना सांगा.

२०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे. तारखेमागून तारीख पडत गेली की ‘तुला न्याय मिळणारच नाही’ हे कुणाचंही बोलणं पटू लागतं. म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे वकील मोफत मिळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ त्यांना विचारा : पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाची तरतूद आहे. कमाल शिक्षा ७ वर्षं असेल, तर २ वर्षं ४ महिने. फाशी-जन्मठेपेची कलमं किंवा आणखी खटले असतील, तर ही सवलत नाही. पण नेहमीच्या जामिनासाठी तोवर थांबायचं कारण नाही.

बराक बदलून मिळेल का, हे अधीक्षकांना एकट्याने भेटून विचारा. आत मुक्त विद्यापीठाचं केंद्र असेल, तर नाव घाला.

पुढच्या मुलाखतीला आईला न्या. वाद नको. गुडघ्यांचं तिनेच आपणहून सांगावं.