टर्मिनलला जोडलेल्या हॉटेलचं बिल कोणी भरायचं?

प्रश्न : मी आणि माझी 76 वर्षांची आई जर्मनीतल्या एका मोठ्या विमानतळावरून भारतात परत येत होतो. विमान रात्री नऊचं होतं. चेक-इन झालं होतं, इमिग्रेशन अजून व्हायचं होतं, तेवढ्यात तांत्रिक बिघाडामुळे विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. काउंटरवर प्रचंड रांग. साडेअकराला आमचा नंबर लागला तेव्हा ‘हॉटेलची व्हाउचरं संपली, तुमची तुम्ही सोय करा’ असं तोंडी सांगितलं. काही प्रवाशांना लांबच्या हॉटेलात बसने नेत होते, पण त्या बसमध्ये व्हीलचेअर चढवायची सोय नव्हती. आईच्या व्हीलचेअरची नोंद तिकिटावर आधीपासून आहे. शेवटी टर्मिनलला बंदिस्त पुलाने जोडलेल्या हॉटेलात एक खोली घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या विमानाने निघून सुमारे वीस तास उशिरा पोहोचलो. आता कंपनी म्हणते, एका रात्रीसाठी आमची मर्यादा ठरलेली आहे, महागडं हॉटेल तुम्ही हौसेने निवडलंत, म्हणून बिलाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच रक्कम मिळेल. सोबत ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असा फॉर्म सहीसाठी पाठवला आहे. त्यात भर म्हणजे रिसेप्शनवर नाव लिहून देत असताना लॉबीतून आईची पर्स चोरीला गेली. कानाचं यंत्र, औषधं आणि दोनशे युरो होते. हॉटेल विमान कंपनीकडे बोट दाखवतं, कंपनी हॉटेलकडे. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक करा : त्या फॉर्मवर सही करू नका. देऊ केलेली रक्कम परस्पर खात्यात आली तर राहू द्या, पण ती बिलापोटी आलेला काही भाग म्हणून घेत आहोत, उरलेला हक्क सोडलेला नाही, असं लगेच ईमेलने कळवा.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी देणी एकमेकांत मिसळली आहेत आणि कंपनीला तो गोंधळ सोयीचा आहे. हॉटेलचं बिल हा एक हक्क, विमान रद्द झाल्याची ठरावीक भरपाई हा दुसरा, आणि पर्स हा तिसरा, तोही वेगळ्याच पक्षाविरुद्ध. ‘बिघाड आमच्या हाताबाहेरचा होता’ हे उत्तर फार तर दुसऱ्या हक्काला लागू पडेल. पहिल्याशी त्याचा काही संबंध नाही.

युरोपीय संघाचा 2004 चा विमान प्रवाशांबाबतचा 261 क्रमांकाचा नियम तुम्हाला लागू आहे. संघातल्या विमानतळावरून उड्डाण असेल तर विमान कंपनी कोणत्या देशाची आणि प्रवाशाचा पासपोर्ट कोणता, हे पाहिलं जात नाही. (उलट दिशेने, म्हणजे भारतातून युरोपकडे जाताना, कंपनी युरोपीय असेल तरच हा नियम लागतो. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.) त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे रात्र काढावी लागत असेल तर हॉटेलची खोली, विमानतळ ते हॉटेल ने-आण आणि थांबण्याच्या वेळेच्या मानाने जेवणखाण हे सगळं कंपनीने विनामूल्य द्यायचं आहे. त्याच कलमात चालण्या-फिरण्याला अडचण असलेल्या प्रवाशांच्या आणि त्यांच्यासोबतच्या माणसांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं आहे, आणि अकरावं कलम तर त्यांना ही मदत शक्य तितक्या लवकर मिळाली पाहिजे असं म्हणतं. व्हीलचेअरवरच्या 76 वर्षांच्या बाईंना साडेअकरापर्यंत रांगेत ठेवून ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणणं हा या दोन्ही कलमांचा भंग आहे. मला या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट तीच वाटते, आणि तुमच्या पत्रात ती बिलाच्या आकड्याआधी यायला हवी.

कंपनीने सोय केली नाही आणि प्रवाशाने पदरचे पैसे घातले तर काय, याचं उत्तर युरोपीय न्यायालयाने 31 जानेवारी 2013 ला मॅकडोना खटल्यात दिलं आहे. 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे उड्डाणं बंद पडली होती. एक महिला प्रवासी आठवडाभर अडकली आणि तिने झालेला सुमारे 1130 युरोचा खर्च मागितला. न्यायालयाने सांगितलं की देखभालीच्या या जबाबदारीला रकमेची किंवा दिवसांची मर्यादा नाही. प्रवाशाला परत मिळेल तो खर्च मात्र आवश्यक, योग्य आणि वाजवी असला पाहिजे. तिथे तर कारण ज्वालामुखी होतं. तुमच्या बाबतीत विमानातला बिघाड आहे. ‘एका रात्रीसाठी आमची मर्यादा’ हा कंपनीचा घरचा हिशेब झाला. पंधरावं कलम सांगतं की करारातल्या अटीने प्रवाशाचे हे हक्क कमी करता येत नाहीत की सोडून द्यायला लावता येत नाहीत. म्हणून चुकून सही झाली असती तरी सगळं संपलं नसतं, पण तो वाद मुद्दाम ओढवून घ्यायचं कारण नाही.

आता खरा प्रश्न ‘वाजवी’ या शब्दावर येतो, आणि तुमची बाजू इथेच जिंकेल किंवा अडेल. टर्मिनलला जोडलेली हॉटेलं महाग असतात हे कंपनी सांगणारच. वाजवीपणा मात्र हॉटेलच्या दर्जावरून ठरत नाही. त्या क्षणी, त्या माणसासमोर, दुसरा कोणता वापरण्याजोगा पर्याय होता, यावरून ठरतो. रात्रीचे साडेअकरा, मोठं सामान कंपनीच्या ताब्यात, बसमध्ये व्हीलचेअर चढत नाही, आईची औषधाची वेळ, आणि दुसऱ्या विमानाची वेळ कोणी नक्की सांगत नाही. अशा वेळी व्हीलचेअर एकाच पातळीवरून ढकलत नेता येईल अशी खोली घेणं याला हौस म्हणता येत नाही. धडधाकट तरुण एकटा असता आणि बसमध्ये जागा असूनही त्याने हेच हॉटेल घेतलं असतं, तर मी त्याला इतक्या ठामपणे सांगितलं नसतं.

म्हणून त्या रात्रीचा वेळापत्रकासारखा तपशील आजच लिहून काढा. मेसेज कधी आला, रांगेत कधी उभ्या राहिलात, काउंटरवर काय सांगितलं, बस कोणी नाकारली, खोली किती वाजता घेतली. जोडीला रद्द झाल्याचा मेसेज, दोघींची बोर्डिंग कार्डं, व्हीलचेअरची नोंद असलेलं तिकीट, हॉटेलचं नावानिशी बिल आणि कार्डाची नोंद लागेल. बिल हरवलं असेल तर हॉटेलकडे ईमेल करून दुसरी प्रत मागा. फोनमध्ये त्या रांगेचे फोटो किंवा घरच्यांना पाठवलेले मेसेज असतील तर ते सोन्यासारखे जपा, कारण त्यांवर वेळ छापलेली असते. मागणी युरोतच करा. खोली साधी होती आणि दोघींत एकच होती हे स्पष्ट लिहा. नाश्ता आणि रात्रीचं साधं जेवण मागता येईल. मिनी-बार, स्पा असलं काही बिलात असेल तर ते स्वतःहून वगळा, म्हणजे बाकीच्या आकड्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

दुसरा हक्क ठरावीक भरपाईचा. 3500 किलोमीटरपेक्षा लांबच्या उड्डाणासाठी ती प्रत्येकी 600 युरो आहे, म्हणजे तुम्हा दोघींना 1200. पर्यायी विमानाने मूळ वेळेपेक्षा चार तासांच्या आत पोहोचवलं तर ती निम्मी करता येते. तुम्ही वीस तास उशिरा पोहोचलात, तेव्हा तो प्रश्न नाही. असाधारण परिस्थिती असेल तर कंपनी यातून सुटते, पण ती सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे. तांत्रिक बिघाड हे एरवी असं कारण ठरत नाही, हे युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्ये वॉलेंटिन-हेरमान खटल्यात सांगितलं आणि 2015 मध्ये फान डर लान्स खटल्यात अचानक निकामी झालेल्या सुट्या भागांबाबतही तेच म्हटलं. विमान नीट ठेवणं हा कंपनीच्या रोजच्या धंद्याचाच भाग आहे. निर्मात्याच्या कारखान्यातला छुपा दोष किंवा घातपात असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नेमका कोणता बिघाड झाला, हे लेखी विचारा. ‘600 युरो दिले, आता हॉटेलचं मागू नका’ असं सांगितलं तर तेही मान्य करू नका. दोन्ही एकाच वेळी देणं आहे.

एक गोष्ट तपासून घ्या. विमान रद्द झाल्यावर तुम्ही तिकिटाचे पैसे परत मागितले नव्हते ना? परतावा घेतला की त्या क्षणापासून हॉटेल-जेवणाची जबाबदारी संपते असं युरोपीय आयोगाचं मार्गदर्शन आहे. तुम्ही त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाने आलात, म्हणजे पर्यायी प्रवास निवडलात. त्यामुळे ती रात्र कंपनीच्याच खात्यावर आहे.

हेच प्रकरण इमिग्रेशन ओलांडल्यानंतर घडलं असतं तर अडचण वाढली असती. हॉटेल पुलाने जोडलेलं आहे म्हणजे ते आतच आहे असं नाही. टर्मिनलला चिकटलेली अनेक हॉटेलं पासपोर्ट तपासणीच्या अलीकडे, म्हणजे कायद्याने त्या देशाच्या हद्दीत असतात आणि तिथे जायला वैध व्हिसा लागतो. काही मोजकीच ट्रान्झिट भागात, आतल्या बाजूला असतात. केवळ विमान बदलायला थांबलेल्या आणि व्हिसा नसलेल्या प्रवाशाने रात्री खोली ऑनलाइन बुक करण्याआधी हे विचारलंच पाहिजे, नाहीतर पैसे जातात आणि रात्र बाकावर काढावी लागते.

आता पर्स. हे पैसे विमान कंपनीकडून मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. 3 सप्टेंबर 2020 च्या निकालात युरोपीय न्यायालयापुढे व्हीलचेअरवरच्या एका प्रवासी महिलेचंच प्रकरण होतं. कंपनीने दिलेल्या हॉटेलात ती पडून जखमी झाली होती, तरी हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या चुकीची भरपाई कंपनीवर टाकता येत नाही असं ठरलं. तुमचं हॉटेल तर तुम्हीच घेतलेलं. म्हणून हा मुद्दा कंपनीच्या पत्रात घालूच नका. त्याने बाकीची मागणी कमकुवत दिसते.

हॉटेल मात्र हात झटकू शकत नाही. जर्मन नागरी संहितेच्या कलम 701 ते 703 नुसार पाहुण्याने हॉटेलात आणलेल्या वस्तू हरवल्या तर हॉटेलमालक स्वतःची चूक नसतानाही जबाबदार असतो. मर्यादा खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या शंभर पट, किमान 600 आणि कमाल 3500 युरो अशी आहे. रोख रक्कम आणि मौल्यवान वस्तूंसाठी कमाल 800. ‘आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी लावून ही जबाबदारी टळत नाही. दोन गोष्टी तुमच्या विरुद्ध जाऊ शकतात. पर्स नजरेआड ठेवली होती असं दिसलं तर रक्कम कमी होईल. आणि नुकसान कळताच विनाविलंब हॉटेलला कळवणं बंधनकारक आहे, नाहीतर हक्क संपतो. तुम्ही त्या रात्रीच रिसेप्शनवर सांगितलं असेल तर कायद्याला तेवढं पुरतं, पण पुरावा काय? म्हणून आजच हॉटेलला ईमेल करा : अमुक तारखेला, इतक्या वाजता, तुमच्या कर्मचाऱ्याला आम्ही चोरी सांगितली, कृपया याला दुजोरा देऊन कळवा. त्यांच्या उत्तरात ‘तुम्ही सांगितलं होतं, पण…’ असं एक वाक्य आलं तरी काम झालं. पोलिसांत तक्रार दिली नसेल तर जर्मनीतली बहुतेक राज्यं ती ऑनलाइन घेतात. कानाच्या यंत्राची खरेदीची पावती शोधून ठेवा, भरपाईचा मोठा भाग त्याच्यावर असेल.

विमान कंपनीला इंग्रजीत सविस्तर लेखी मागणी पाठवून मुदत द्या. दोन महिन्यांत पैसे किंवा समाधानकारक उत्तर आलं नाही तर जर्मनीत विमान प्रवाशांसाठी कायद्याने ठरवलेली समेटाची सोय आहे, 5000 युरोपर्यंतच्या मागण्यांसाठी. तुमची रक्कम त्यात बसते. लुफ्तफार्ट-बुंडेसआम्ट या तिथल्या नियामक कार्यालयाकडेही तक्रार करता येते, पण ते कंपनीला दंड करतं, तुमचे पैसे वसूल करून देत नाही. टक्केवारीवर दावे चालवणाऱ्या कंपन्यांकडे लगेच जाऊ नका. तुमची कागदपत्रं स्वच्छ आहेत आणि मिळणाऱ्या रकमेतला मोठा हिस्सा त्यांना द्यावा लागतो.

भारतातला मार्गही खुला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि तिकिटाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. तिथे मात्र 600 युरोच्या युरोपीय तरतुदीवर भिस्त ठेवू नका. मांडणी सेवेतल्या त्रुटीची आणि आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाबाबतच्या माँट्रियल कराराच्या एकोणिसाव्या कलमाची, म्हणजे विलंबामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीची करा. हा करार भारतात 1972 च्या हवाई वाहतूक कायद्यातून लागू आहे आणि प्रवासाचं अंतिम ठिकाण भारत असल्याने इथे दाद मागता येते. एकाच हॉटेल बिलाचे पैसे दोन्हीकडून घेता येणार नाहीत, तेव्हा आधी जर्मन समेट आणि तो फसला तर आयोग, असा क्रम मी ठेवला असता. मुदतीकडे लक्ष असू द्या. जर्मनीत युरोपीय नियमाखालचा दावा, तो ज्या वर्षी उद्भवला त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षं चालतो. भारतात ग्राहक कायदा आणि माँट्रियल करार दोन्हीकडे दोनच वर्षं आहेत, आणि करारातली दोन वर्षं तुम्ही इथे उतरलात त्या दिवसापासून मोजली जातात. समेटाच्या पत्रव्यवहारात ती निघून जाऊ देऊ नका. कॅलेंडरवर दीड वर्षाला खूण करा आणि तोवर प्रकरण मिटलं नाही तर आयोगातली तक्रार दाखल करून टाका.