कायदा बदलला, संस्थेने काय करायचे? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या महिन्यात स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांची पत्रे जास्त आली. त्यांतले पाच प्रश्न घेतले आहेत. एकाच विषयावरच्या पत्रांचा मजकूर एकत्र केला आहे.

प्रश्न : आमचे वाचनालय संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्हींखाली नोंदलेले आहे. दोन निवडणुका झाल्या, पण परिशिष्ट एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर जुनेच मंडळ दिसते. त्यातले दोघे हयातही नाहीत. बँक नव्या सह्या घेत नाही. काय करावे?

उत्तर : बँकेशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. तिच्या लेखी परिशिष्ट एकवर ज्यांची नावे, तेच विश्वस्त. खरे दुखणे चेंज रिपोर्ट न भरल्याचे आहे. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, मालमत्ता आली वा गेली, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो.

तुमच्याकडे बदल दोन झाले, म्हणून अहवालही दोन. मधली निवडणूक गाळून एकदम ताज्या मंडळाचा अहवाल भरायचा मोह होतो आणि प्रकरण तिथेच अडकते. दुसरी निवडणूक ज्या मंडळाने घेतली तेच नोंदीवर नसेल, तर सभा बोलावण्याचा अधिकार त्यांना कुठून मिळाला, हा प्रश्न चौकशीत येणारच. आधीचा बदल आधी, नंतरचा नंतर, आणि प्रत्येकासोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज. उशिराचे कारण खरे लिहा. 'अनवधानाने' एवढ्या एका शब्दावर भागवू नका.

सोबतचे कागद असे : सभेची सूचना, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, इतिवृत्ताची साक्षांकित प्रत, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे, पायउतार झालेल्यांचे राजीनामे किंवा ना हरकत, निधन झालेल्यांचे मृत्यूचे दाखले आणि संस्थेच्या घटनेची प्रत. यांत सर्वांत कच्चा दुवा असतो सूचनेचा. घटनेत '१५ दिवस आधी लेखी सूचना' असे लिहिलेले असते आणि सूचनेवरची तारीख सभेच्या अकरा दिवस आधीची निघते. किंवा तारीख बरोबर असते, पण सूचना पोचल्याची एकही सही नसते. नाराज सभासदाची हरकत नेमकी इथे येते. टपालाच्या पावत्या किंवा सूचना वहीवरच्या सह्या जपलेल्या असतील तर ती टिकत नाही.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातल्या बदलाला १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मंजुरी देण्याची आणि मग ३० दिवसांत हरकती मागवण्याची सोय झाली आहे. हरकत आली नाही तर तीच मंजुरी अंतिम होते. कागद पहिल्याच दिवशी पुरे असतील तर या सोयीचा उपयोग, नाहीतर त्रुटींच्या पत्रव्यवहारातच महिने जातात. अहवालाची पोच मिळताच तिची प्रत ठरावासह बँकेला द्या. बँक लगेच मानेलच असे नाही, पण तुमची बाजू कागदावर येते.

हे एवढे सविस्तर सांगायचे कारण म्हणजे पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे मूळ या उताऱ्याशी जाते. आयकर, परदेशी निधी, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी), प्रत्येक ठिकाणी हीच नावे तपासली जातात.

प्रश्न : आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीविषयीच्या कायद्याखालची नोंदणी आहे. पूर्वी परदेशी निधीतला काही भाग आम्ही वस्तीपातळीवरच्या लहान संस्थांना देत असू. ते काम आता कसे चालवायचे? आणि प्रशासकीय खर्चावरच्या २० टक्के मर्यादेत पगार धरायचे का?

उत्तर : सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने कलम ७ बदलले. परदेशी निधी दुसऱ्या कोणालाही हस्तांतरित करता येत नाही, घेणाऱ्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ च्या निकालात ही दुरुस्ती कायम केली. निधी कुठे गेला याचा माग लागावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण नोंदणी असलेल्या दोन संस्थांमधला व्यवहार विवरणपत्रातूनही तपासता आला असता. मोठ्या संस्थेच्या आधारावर उभ्या असलेल्या लहान गटांची वाट या तरतुदीने बंद केली, आणि हे नुकसान खरे आहे.

आज कायद्यात बसेल असा मार्ग म्हणजे काम स्वतः करणे. त्या भागातले कार्यकर्ते आपल्या नेमणूकपत्रावर घ्या, पगार थेट त्यांच्या खात्यात द्या, साहित्याची बिले आपल्या संस्थेच्या नावावर करा. लहान संस्थेला ठोक रक्कम देऊन वर 'सल्ला शुल्क' लिहायचे, हे मात्र करू नका. प्रत्यक्ष सेवा, तिचा करार, बाजारभावाशी जुळणारे बिल आणि झालेल्या कामाचा पुरावा नसेल, तर ते हस्तांतरणच ठरते आणि नोंदणी धोक्यात येते.

आता २० टक्के. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. ती मोजायची त्या आर्थिक वर्षात मिळालेल्या परदेशी निधीवर. ३० लाख आले तर ६ लाख. पूर्वी अनुदानाचा हप्ता मार्चअखेर आला आणि पुढच्या वर्षी काहीच आले नाही, तर पुढच्या वर्षीच्या भाड्याला आणि हिशेबनिसाच्या पगाराला आधारच उरत नसे; २०२५ पासून न वापरलेला प्रशासकीय भाग कारण देऊन पुढच्या वर्षी नेता येतो. तरीही देणगीदाराशी हप्त्यांच्या तारखा ठरवतानाच हे गणित मांडा. २० टक्क्यांवर जायचे असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

सगळे पगार प्रशासकीय नसतात. विश्वस्तांचे मानधन, व्यवस्थापनातल्या लोकांचे पगार, कार्यालयाचे भाडे, वीज, टेलिफोन, गाडीचा खर्च, हिशेब आणि अहवालांचा खर्च, वकील-सीएंची फी हे प्रशासकीय. दवाखान्यातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार हा उद्दिष्टावरचा थेट खर्च. घोळ होतो तो 'समन्वयक' या पदाशी. नेमणूकपत्रात 'कार्यक्रम समन्वय व कार्यालयीन कामकाज' असे लिहिले की लेखापरीक्षकाला ते कोणत्या बाजूला धरावे कळत नाही. नेमणूकपत्रात काम स्पष्ट लिहा, आणि एक माणूस दोन्हीकडे काम करत असेल तर रोजच्या वेळेची नोंद ठेवून पगार विभागून दाखवा.

परदेशी पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवा, त्यात देशी देणगीचा रुपयाही पडता कामा नये. वार्षिक विवरण, म्हणजे एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे. वर्षभरात काहीच आले नसेल तरीही. पदाधिकारी बदलले तर ४५ दिवसांत कळवायचे. इथेही परिशिष्ट एकवरची नावे वेगळी निघाली तर शंका उपस्थित होतेच.

प्रश्न : कंपनी म्हणते, सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवा. आमचा प्रकल्पच शिकवण्याचा आहे, मुख्य खर्च शिक्षकांच्या पगारांचा.

उत्तर : कंपनीने नियम उलटा वाचला आहे. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सामान्य व्यवस्थापन खर्चावर आहे. राबवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पखर्चाला ती लागू नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. त्याची प्रत प्रस्तावाला जोडा आणि अंदाजपत्रकात शिक्षकांचे पगार 'प्रकल्प खर्च' या शीर्षाखाली दाखवा. सीएसआर-१, म्हणजे सीएसआर निधी घेण्यासाठी मंत्रालयाकडे करायची नोंदणी, झाली आहे ना, तेही पाहा. १ एप्रिल २०२१ पासून तिच्याशिवाय पैसे घेता येत नाहीत.

प्रश्न : देणगीदार तक्रार करतात की पावती असूनही आयकरात वजावट मिळाली नाही. चूक कोणाची?

उत्तर : बहुतेक वेळा संस्थेची. २०२१-२२ पासून छापील पावती पुरेशी नाही. वर्षाच्या देणग्यांचे विवरण ३१ मेपर्यंत आयकर संकेतस्थळावर भरावे लागते आणि तिथून निघणारे प्रमाणपत्रच देणगीदाराच्या कामी येते. पॅनमधले एक अक्षर चुकले तरी वजावट दिसत नाही. चूक सुधारून विवरण पुन्हा भरता येते, तेवढे लगेच करा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही, हे पावती फाडतानाच सांगितले तर कटुता टळते.

याहून मोठी काळजी नोंदणीच्या मुदतीची. एके काळी १२ए, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट देणारी नोंदणी, एकदा मिळाले की कायमचे असे. एप्रिल २०२१ पासून ते पाच वर्षांवर आले. २०२५ च्या दुरुस्तीने आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींपेक्षा जास्त उत्पन्न नसलेल्या संस्थांना दहा वर्षांची मुदत मिळू लागली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करावा लागतो. तो राहून गेला तर त्या वर्षाच्या उत्पन्नावरच्या करावर भागत नाही. संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारमूल्यातून देणी वजा जाता जे उरते, त्यावर कमाल दराने कर लागू शकतो. तीस वर्षांपूर्वी दानात मिळालेली इमारतही त्यात मोजली जाते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ ने घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. नवी पावतीपुस्तके छापण्याआधी मजकूर सीएंना दाखवा.

प्रश्न : आमच्या कामावर परिणाम करणाऱ्या विधेयकाविरुद्ध संस्थेने बोलावे का? काही विश्वस्तांना नोंदणी जाण्याची भीती वाटते.

उत्तर : बोलावे. धर्मादाय संस्थेला निषिद्ध आहे ते पक्षाचे किंवा उमेदवाराचे काम. एफसीआरएखाली 'राजकीय स्वरूपाची संघटना' ठरण्याची भीती असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा ६ मार्च २०२० चा निकाल विश्वस्तांना वाचायला द्या. पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नावर बंद किंवा धरण्याला पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिला परदेशी निधी नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे.

पद्धत मात्र नीट हवी. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवायचा असतो. हे नेहमी पाळले जात नाही, म्हणून संबंधित मंत्रालयाचे संकेतस्थळ आठवड्यातून एकदा पाहण्याचे काम एका माणसाकडे सोपवा. विधेयक संसदीय समितीकडे गेले तर समितीही निवेदने मागवते. आधी कार्यकारी मंडळाचा ठराव करा. निवेदनात कलमवार लिहा : मसुद्यातले शब्द, त्यांचा तुमच्या कामावर होणारा परिणाम तुमच्याच आकड्यांत, आणि त्या जागी सुचवलेला पर्यायी मजकूर. 'हे कलम अन्यायकारक आहे' या वाक्यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. '३० दिवसांऐवजी ९० दिवस असे वाचावे, कारण आमच्या ४० केंद्रांचे हिशेब मुख्य कार्यालयात यायलाच ३५ दिवस लागतात' यावर येते. खाली सही करणाऱ्याचे नाव परिशिष्ट एकवर असू द्या.